दमणी कोण हाकत होतं

माझ्या नोकरीची पहिली सहा वर्षं रस्त्यावरच्या गुन्ह्यांत गेली. अमरावतीला तेव्हा ऑनररी मॅजिस्ट्रेटांचं बेंच आठवड्यातून दोन दुपारी कचेरीच्या मागच्या लांबट खोलीत बसे. खून-दरोडे तिथे येत नसत. दिव्यावाचून सायकल, चौघांच्या टांग्यात सहाजण, बाजारात आडवी सोडलेली गाडी, चालत्या गाडीत झोपलेला गाडीवान, असला सगळा माल. मी त्या बेंचाचा मोहरीर होतो. पोलिसांनी पाठवलेली चलानं घ्यायची, रजिस्टरात चढवायची, चपराश्याला पुकाऱ्याची यादी द्यायची आणि निकाल लागला की तो शेवटच्या रकान्यात लिहायचा.

कापसाच्या दिवसांत खोली भरून जाई. नांदगाव खंडेश्वरकडून, धामणगावकडून गाड्या रात्रभर चालत आणि सकाळी गावात शिरत. गाडीवान कापसाच्या बोंदऱ्यांवर, म्हणजे पोत्यांवर, आडवा पडलेला असे. रस्ता बैलांना पाठ होता. नाक्यावरचा शिपाई त्याला उठवी आणि चलान करी. बेंचावर तीन मॅजिस्ट्रेट असत. त्यांतले एक रिटायर हेडमास्तर, एक सरकीचे व्यापारी आणि एक जुने वकील. शेटजींना जेवणानंतर डुलकी लागे. एकदा हेडमास्तर एका म्हाताऱ्या गाडीवानाला म्हणाले, "चालत्या गाडीत झोपतोस? कोणी मेलं असतं तर?"

म्हातारा म्हणाला, "साहेब, मी झोपलो होतो. बैल जागे होते." मग शेटजींकडे एकवार पाहून त्याने मान खाली घातली. वकिलांनी रुमाल तोंडावर धरला. म्हाताऱ्याला तेवढ्यासाठी कमी दंड झाला, असं मला वाटतं.

त्या खोलीची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. तिथे कोणी गुन्हा नाकारत नसे. नाकारला तर पुढची तारीख पडे, साक्षीदार येत, वेचणीचे दोन दिवस बुडत. त्यापेक्षा 'कबूल' म्हणावं आणि सुटावं. मग ते म्हणायला खरा माणूसच यायला पाहिजे असंही काही नव्हतं. एका गावच्या पाच गाड्या धरल्या तर पाचांतला जो रिकामा असेल तो येई आणि पाचही नावांना 'हाव' म्हणे. पाच ठिकाणी त्याचाच अंगठा. मॅजिस्ट्रेटांना समोर एक माणूस उभा हवा होता, चपराश्याला पुकाऱ्याला ओ हवी होती आणि मला रकान्यात अंगठा हवा होता. हे चुकीचं आहे असं आमच्यापैकी कोणाला वाटत नव्हतं. उलट आपण लोकांचे खेटे वाचवतो, असंच वाटे. माझ्या हातून जे झालं ते याच सवयीतून झालं. पण सवयीवर ते ढकलण्याचा माझा हेतू नाही.

आमचं घर अंबा दरवाज्याच्या आत. वडील भिक्षुकी करत. त्यांच्या यजमानांत नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका गावचे पाटील सर्वांत मोठे. काळ्या जमिनीचा मोठा पसारा आणि घरात तीन पिढ्यांची आमचीच भिक्षुकी. दर वर्षी ज्वारी आली की त्यांची गाडी आमच्या दारात उभी राही. ज्वारी, तुरीची डाळ, गूळ, एखादं कोहळं. माझं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण त्या गाडीवर झालं, असं वडील पाहुण्यांसमोर सांगत. मला ते आवडत नसे, पण ते खरं होतं.

पाटलांना एकच नाद, बैलांचा. शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतीसाठी, त्यांनी एक पांढरी जोडी पाळली होती. पट वर्षातून थोडेच. बाकीच्या दिवशी ती जोडी ते दमणीला जुंपत. दमणी म्हणजे आमच्याकडची दोन चाकांची, हलकी, बसायची बैलगाडी. पाटील ती स्वतः हाकत आणि रस्त्यावर पुढे काही दिसलं, टांगा असो, सायकल असो, की त्याला मागे टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मागे त्यांचा सालदार बसलेला असे. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी. हा माझ्याच वयाचा होता, काळासावळा, हाडाने रुंद, बोलायला सावकाश. दमणीच्या मागच्या दांडीला धरून तो डोळे मिटून घेई, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पहिल्यांदा बडनेरा रस्त्यावर पाटलांनी एका टांग्याला इतक्या जवळून मागे टाकलं की टांग्याचं चाक निखळलं. कोणाला लागलं नाही. चलान झालं. नाक्याचा शिपाई ते घेऊन माझ्याकडे आला तेव्हा नावाची जागा कोरी होती.

"महाराज," तो म्हणाला, "पाटील तुमचे घरचे हायेत. नाव तुमीच भरा."

त्याच संध्याकाळी पाटील आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांना त्या वर्षी लोकल बोर्डाला उभं राहायचं होतं. वडिलांशी ते पंचांगाबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोलिसाचं एक किरकोळ काम हाये तुमच्या कचेरीत."

वडील मला म्हणाले, "त्यांना पिंजऱ्यात उभं करू नकोस."

"पिंजरा नाही तिथे," मी म्हणालो. "नुसतं टेबल आहे."

"टेबलासमोर उभं करू नकोस."

सालदार खाली रस्त्यावर बैलांच्या अंगावरून हात फिरवत होता. पाटलांनी त्याला हाक मारली. "काय रे, तू उभा राह्यतं का कचेरीत?"

"राह्यतो नं मालक," तो म्हणाला. "मी बी दमणीतच होतो."

हे त्याचं वाक्य मी धरून ठेवलं. दमणीत होता, म्हणजे अगदीच परका माणूस नव्हे. दुसऱ्या दिवशी मी कोऱ्या जागेत त्याचं नाव, बापाचं नाव, जात, गाव लिहिलं. तो आला, 'कबूल' म्हणाला, पाटलांनी दिलेला दंड त्याने भरला आणि बाहेर बैलांपाशी जाऊन बसला.

दुसऱ्यांदा कौंडण्यपूरच्या जत्रेहून परतताना असंच झालं. तेव्हा मला कोणी सांगण्याची गरज पडली नाही.

तिसऱ्यांदा एक शाळामास्तर सायकलवरून खड्ड्यात गेले आणि त्यांचं मनगट मोडलं. हे प्रकरण जरा मोठं होतं. मास्तर गळ्यात हात बांधून आले होते. त्यांनी सालदाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते बोलतील. पण लोकल बोर्डाच्या शाळेत ते नोकरीला होते आणि पाटील एव्हाना बोर्डात निवडून आले होते. मास्तर एवढंच म्हणाले, "गाडी जोरात होती."

हेडमास्तर सालदारावर फार चिडले. "बैल तुझ्या बापाचे आहेत का रे?"

"नाई साहेब. मालकाचे हायेत."

"मग एवढे पळवतोस कशाला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. काय सांगायचं ते मी सांगावं, असा तो चेहरा होता. मी रजिस्टरात डोकं घातलं.

"पयतात साहेब," तो शेवटी म्हणाला. "म्हून."

खोलीत हशा झाला. मीही हसलो.

पुढल्या वर्षी माझी बदली अकोल्याला झाली, नक्कल खात्यात. मूळ कागदावरून नकला करून घ्यायच्या, ताडून पाहायच्या, मोहोर मारून द्यायच्या. मोर्णा नदीच्या काठाजवळ दोन खोल्या घेतल्या, संसार मांडला. अमरावतीचं बेंच हळूहळू मनातून गेलं. निदान मी तसं समजत होतो.

पाच-सहा वर्षांनी एका सकाळी कचेरीच्या पायऱ्यांवर तो उभा दिसला. खाकी अर्धी विजार, हाताला काळं तेल. मी ओळखलं, पण न ओळखल्यासारखं केलं.

"महाराज, मी थो पाटलाकडचा," त्याने सांगितलं. "तुमी इथीसा हाये म्हून समजलं. जिवात जीव आला."

त्याची हकीकत अशी. लग्नानंतर तो सासुरवाडीच्या ओळखीने अकोल्याला आला आणि वाशीमकडे जाणाऱ्या एका मोटारीवर क्लीनर राहिला. पळत्या बैलांना भिणाऱ्या या माणसाचं यंत्राशी जमलं. इंजिनाचा आवाज ऐकून तो आजार सांगे. मोटारीचा ड्रायव्हर म्हातारा झाला होता. मोटारमालकाने याला सांगितलं, लायसन आण, गाडी तुझ्या हातात देतो. त्याने नदीकाठच्या मैदानात लायसन देणाऱ्या साहेबासमोर मोटार चालवून दाखवली होती, पासही झाला होता. मग पोलिसांचा अहवाल अमरावतीहून आला. बेफाम हाकल्याबद्दल तीन वेळा शिक्षा, तिसऱ्या वेळी माणूस जखमी. साहेबाने लायसन नाकारलं. मात्र अर्जदाराला काही म्हणायचं असेल तर त्याने खटल्याच्या नकला महिन्याच्या आत आणाव्या, असा शेरा मारला होता.

"तुला काय म्हणायचं आहे?" मी विचारलं.

"मले काय म्हनाचं? कागदच सांगन नं."

"कागद काय सांगणार?"

"दमणी कोन हाकत होतं थे." तो हे अगदी सहज म्हणाला. "मी उभा राह्यलो थे मालकासाठी. ह्ये समद्याईले ठाऊक होतं. शिपायाले ठाऊक, मास्तरले ठाऊक, तुमाले ठाऊक. मंग कागदात असनच. कचेरीचा कागद हाये, बजारातला नाई."

त्याच्या डोक्यात कचेरीच्या कागदाचं एक वेगळंच रूप होतं. तोंडाने माणसं सोयीचं बोलतात, पण कागद दोन्ही गोष्टी लिहून ठेवत असणार, कोणी हाकलं तेही आणि कोण उभं राहिलं तेही. ते रजिस्टर लिहिणारा माणूस समोर उभा होता, म्हणून तर त्याच्या जिवात जीव आला होता.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं, की कागदात तुझंच नाव आहे, कारण ते मी लिहिलं. मी म्हणालो, "नंबर माहीत आहेत का? तारखा?"

जुना खटला शोधायचा तर नंबर लागतो, नाही तर तारीख. नावाची यादी बेंचाच्या कामाला नसे. वर्षाला एक जाड रजिस्टर, त्यात तारखेवार ओळी. त्याला तारखा ठाऊक नव्हत्या. एक खटला तुरी सोंगायच्या आधीचा. एक कौंडण्यपूरच्या जत्रेनंतरचा, म्हणजे कार्तिकातला. आणि तिसरा, "डाव्या बैलाच्या खुरात काटा गेला होता, थ्या हप्त्यातला." मी कागद घेऊन हिशेब मांडण्याचं सोंग केलं. खरं म्हणजे तिन्ही ओळी कोणत्या पानावर, वर आहेत की खाली, हे मला पाठ होतं.

मी दोन दिवसांची रजा काढली आणि आम्ही दोघं रेल्वेने निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलताना त्याने शिदोरी सोडली. भाकरी, ठेचा, कांदा. मला अर्धी देऊ केली. मी उपास आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "आज तर कोन्ता बी उपास नाई महाराज." मग आपणच म्हणाला, "तुमचं तुमाले ठाऊक." आणि जेवला.

अमरावतीच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यात बांधलेल्या बस्त्यांच्या मांडण्या छतापर्यंत. तिथला रेकॉर्डकीपर माझा जुना सोबती. त्याने पानाचा डबा पुढे केला आणि आम्हाला मोकळं सोडलं. रजिस्टरं पहिल्या अर्ध्या तासात सापडली. तीन ओळी, तिन्ही माझ्या अक्षरात. मी त्या त्याला वाचून दाखवल्या. आपलं नाव, बापाचं नाव ऐकताना तो दर वेळी मान हलवी.

"ह्ये झालं वहीतलं," तो म्हणाला. "कागद कुठी हायेत?"

किरकोळ खटल्यांचे कागद काही वर्षं ठेवून मग फाडून टाकत, रजिस्टर तेवढं राही. पहिल्या दोन खटल्यांचे कागद गेले होते. तिसरा इजेचा होता म्हणून शिल्लक होता. पुढच्या वर्षी फाडायच्या ढिगात त्याची मिसल लावून ठेवलेली सापडली. चार-पाच कागद, कोपऱ्यात सुतळी.

मी चलान वर काढलं. छापील फॉर्म, शिपायाचं शिसपेन्सिलीतलं अक्षर, आणि नावाच्या जागी माझी काळी शाई. एवढंच असेल अशी माझी खात्री होती. त्या काळी मी चलानाची पाठ कधी पाहत नसे. या वेळी उलटून पाहिली. तिथे शिपायाने तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या: दमणी पाटील स्वतः हाकत होते, गडी मागे बसला होता, नाव कचेरीतून भरून घ्यावे.

म्हणजे त्याचं बरोबर होतं. कागदात ते होतं.

तो माझ्या समोर, खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी कागद उजेडात धरला होता आणि तो पातळ होता.

"मांगं काय लिवलं हाये महाराज?"

"काही नाही. हजेरीची तारीख."

"येवढी लांब तारीख?"

"शिपायाचं अक्षर मोठं असतं," मी म्हणालो.

तो थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "असन."

मी तसं का केलं याची कारणं मी पुष्कळ वर्षं स्वतःला देत आलो. वडील जिवंत होते, पाटील त्यांचे यजमान होते, शिपायाची नोकरी जाईल. यांतलं एकही कारण त्या वेळी माझ्या मनात आलं नव्हतं. मनात एकच आलं, की ती शाई माझी आहे आणि मला दोन मुलं आहेत.

नकलेचा अर्ज मीच लिहिला. मिसलीतला कोणता कागद हवा ते अर्जात लिहावं लागतं; जेवढं मागाल तेवढंच मिळतं. मी लिहिलं, 'रजिस्टरातील तिन्ही नोंदींचा उतारा व निकाल.' चलानाचा उल्लेख केला नाही. त्याने अंगठा लावला. नकला बिनचूक होत्या. मी ताडून पाहिल्या, सवयीने.

साहेबाने त्या वाचल्या आणि पहिलाच निर्णय कायम केला. ते सांगायला तो माझ्या घरी आला, येताना फडक्यात बोरं घेऊन. "तुमीनं लय केलं महाराज," तो म्हणाला. "कागदातच नाई तर तुमी काय करान." बोरं गोड होती. मी खाल्ली.

त्यानंतर तो क्लीनरच राहिला. मोटारमालकाने त्याच्याहून वयाने लहान ड्रायव्हर आणला. सकाळी कचेरीला जाताना मोटारस्टँड लागे. हा हँडल मारत असे, टपावर बोचकी चढवत असे, पाण्याची बालदी घेऊन धावत असे, आणि मला पाहिलं की हात वर करी. मी काही दिवसांनी रस्ता बदलला. अमरावतीला मिसल फाडायचा महिना आला तेव्हा तो मला बरोबर ठाऊक होता. त्या महिन्याच्या अखेरीस मला हलकं वाटलं. हेही मला लिहायला हवं.

सात वर्षं अशी गेली. लढाई सुरू झाली, पेट्रोल कमी झालं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. त्याच सुमारास वडील गेले. तेराव्याला पाटील आले. थकले होते, काठी घेऊन चालत होते. पांढरी जोडी केव्हाच गेली होती, पण बोलणं बैलांचंच. जेवणानंतर ओट्यावर बसून त्यांनी मला विचारलं, "तो आमचा गडी कुठी असते आता?"

"अकोल्याला. मोटारीवर आहे."

"हाकते काय मोटार?"

"नाही. क्लीनर आहे."

पाटील हसले. "थो काय हाकन. पयत्या बैलाइले भे त्याचा जीव. माह्या दमणीत बसला का डोये झाकून घे. एक बार कासरा हाती देला त रडाले आला होता." आणि ते सुपारी कातरू लागले. त्यांना काही आठवलं नव्हतं. तीनदा त्यांच्या जागी कोण उभं राहिलं ते ते खरंच विसरले होते. मी त्यांच्यावर रागावू शकलो असतो तर बरं झालं असतं. पण त्यांनी फक्त सांगितलं होतं. लिहिलं मी होतं.

अकोल्याला परत आल्यावर मी एक जबाब लिहिला. तिन्ही खटल्यांत गाडीवानाचं नाव कोऱ्या जागेत मी भरलं, ते खोटं होतं हे मला ठाऊक होतं, आणि तिसऱ्या चलानाच्या पाठीवर खरं लिहिलेलं पाहूनही मी ते दडवलं. चार वेळा लिहिला, चौथ्यांदा सही केली आणि लायसनच्या साहेबाकडे गेलो. साहेब आता दुसरे होते, नागपूरकडचे, मितभाषी. त्यांनी जबाब वाचला, पुन्हा वाचला.

"हे कागद कुठे आहेत?"

"फाडले गेले, साहेब."

"मग पुरावा काय?"

"रजिस्टर आहे. अक्षर माझं आहे."

"रजिस्टर मोहरीराच्याच अक्षरात असायचं," ते म्हणाले. मग त्यांनी बाजूच्या वहीत बोट फिरवत एक ओळ काढली. "या माणसाला गेल्या महिन्यात लायसन दिलं आहे. ड्रायव्हर मिळत नाहीत. एवढ्या जुन्या शिक्षा आता आम्ही धरत नाही."

त्यांनी माझा कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "हा मी ठेवून घेतला तर मला तुमच्यावर खटला भरायला लिहावं लागेल. तुमची नोकरी किती राहिली?"

"तेरा वर्षं."

"त्या माणसाला आता याचा उपयोग नाही. ठेवायचा असेल तर ठेवा. नाही तर घेऊन जा." आणि ते दुसरा कागद वाचू लागले. मला वेळ मिळावा म्हणून वाचत होते, हे कळत होतं.

मी कागद उचलला, घडी केली आणि बाहेर आलो.

तिथून मी सरळ मोटारस्टँडवर गेलो. वाशीमची मोटार सुटायला वेळ होता. तो ड्रायव्हरच्या जागेवर बसून काच पुसत होता. मला पाहून खाली उतरला. केस पिकले होते. म्हणाला, "महाराज, इकडची वाट भुललेच होते तुमी."

मी त्याला बाजूला, निंबाखाली घेतलं आणि सगळं सांगितलं. कोरी जागा, माझी शाई, चलानाच्या पाठीवरच्या तीन ओळी, अर्जात मी काय मागितलं आणि काय मागितलं नाही. तो ऐकत होता. मधे एकदा त्याने हातातल्या फडक्याची दुसरी बाजू वर केली.

"मांगच्या अंगाचं थे," तो म्हणाला, "मले त्याच दिशी समजलं होतं. तारीख तीन वळीची नसते."

"मग तू बोलला का नाहीस?"

"कोनाले बोलू? वाचनारे तुमीच होते."

मी त्याला साहेबांचंही सांगितलं. जबाब लिहिला, सही केली, आणि तो परत घेऊन आलो. ते सांगताना मी घडी खिशातून काढून दाखवली. का दाखवली, कोण जाणे. त्याला वाचता येत नव्हतं.

"वापस आनला?"

"हो."

"साहेबापाशी देला नाई?"

"नाही."

"मंग मले काहून सांगून रायले?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं. आपल्या हातात आता काय आलं, हे त्याला कळत नव्हतं. स्टँडवर कोणीतरी वाशीमच्या नावाने ओरडू लागलं होतं. नवा क्लीनर हँडल मारत होता, पण इंजिन घरघरून बंद पडत होतं. त्याने तिकडे कान दिला, मान हलवली.

"त्याले हवा जास्त होऊन रायली," तो म्हणाला. "जाऊ द्या मले." दोन पावलं जाऊन तो थांबला. "सात साल म्या थे हँडल मारलं, महाराज."

तो गेला, बॉनेट उघडून काहीतरी फिरवलं, आणि मोटार सुरू झाली. आपल्या जागेवर बसून त्याने मागे पाहिलं, सवाऱ्या मोजल्या, एकाला जास्त आहे म्हणून उतरवलं. उतरलेला माणूस भांडत होता. तो म्हणाला, "भांडू नको बावा. नाक्यावर नाव माह्यं लिवतीन." मग मोटार फाटकाबाहेर पडली. पुढे एक दमणी चालली होती, साध्याच बैलांची. तो तिच्या मागे मागे, भोंगा न वाजवता, वळणापर्यंत हळू गेला.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. नोकरीची सहा वर्षं बाकी आहेत.